कौसाआत्याने परत पाठवलेली प्लेट

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, गंगापूर रोडवरच्या एका हॉटपॉट हॉटेलात माझ्या आत्याने टेबलावर आलेली प्लेट परत पाठवली. प्लेटमध्ये बकऱ्याची वजडी होती. टेबलाला आम्ही आठ जण होतो. माझ्या थोरल्या बहिणीला, सुजाताताईला, पाहायला आलेले तिघे आणि आम्ही पाच. त्या आठवड्यात थंडी एवढी होती की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागत होत्या आणि शहरात दुपारीसुद्धा कुणी स्वेटर काढत नव्हतं. मी तेव्हा बारावीला होते.

आमचं घर नाशिक रोडच्या एका कॉलनीत होतं. दोन खोल्या, पुढे बुद्धाची तसबीर असलेली बैठक, मागे पत्र्याची पडवी. पडवी आत्याची होती. कौसाआत्या ही बाबांची थोरली बहीण. दिंडोरीकडच्या गावात तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली, आणि वर्षभरात आजीही गेली. त्यानंतर बाबांना तिनेच वाढवलं. त्यासाठी तिने वजडी-भाकरीचा गाडा लावला. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट. खाटकाकडे ते मटणाच्या मानाने स्वस्त मिळतं, कारण ते साफ करायला कुणी तयार नसतं. आत्या तयार होती. त्या गाड्यावर बाबा बी.कॉम. झाले, सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले, त्यांचं लग्न झालं, आम्ही दोघी झालो. गाडा बंद करायचं कारण मधल्या काळात कुणाला सापडलं नाही. आईला सापडलं होतं, पण आत्याने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडा लावला.

माझ्या लहानपणीचा रविवार आवाजाने सुरू होतो. अजून अंधार असायचा. पडवीत गॅसची शेगडी भसभसायची, पाण्याचं पातेलं चढायचं, आणि मग सुरीच्या पाठीचा खरड-खरड असा एकसुरी आवाज सुरू व्हायचा, तो उजाडेपर्यंत थांबत नसे. वजडीला वरून काळपट, जाड, टॉवेलसारखी चामडी असते. आत्या पाण्यात चुना कालवायची, त्यात वजडी बुडवायची, आणि चामडी सुटायला लागली की पाटावर पसरून खरडायची. पाणी किती गरम हवं याचं तिचं माप होतं. बोट घातलं की चटकन बाहेर निघालं पाहिजे, पण पाण्याला बुडबुडा येता कामा नये. उकळत्या पाण्यात घातली तर चामडी मांसाला धरून बसते आणि मग कितीही खरडा, सुटत नाही. खरडून झालं की मीठ आणि कणीक लावून चार पाणी. मग ती पांढरी शुभ्र, घडी घातलेल्या कापडासारखी परातीत पडायची. नीट धुतलेल्या वजडीला वास नसतो. हे विधान मी स्वतः अनेकदा तपासलेलं आहे.

उजाडल्यावर निखाऱ्यावर कांदे भाजले जायचे, सुकं खोबरं, लसूण, आणि घरी कुटलेला काळा मसाला. रस्सा पातळ, वर तर्री. बाजरीच्या भाकऱ्या आई करायची. भाकऱ्यांना तिची हरकत नव्हती. आमच्या गल्लीतल्या तीन घरांच्या खिडक्या रविवारी सकाळी बंद व्हायच्या. त्यांतल्या दोन घरांतले पुरुष दुपारी गाड्यावर यायचे आणि रस्त्याकडे पाठ करून, उभ्या-उभ्या जेवायचे. आत्या त्यांना घरच्या बायकांची खुशाली विचारायची.

मला या सगळ्याची लाज वाटायची. सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. शाळेत मैत्रिणीने विचारलं, तुझी आत्या काय करते, तेव्हा मी म्हणाले, केटरिंग. हा शब्द आमच्या घरात मी आणला. बाबांनी तो नंतर माझ्याकडून उचलला, आणि ताईचा बायोडाटा केला तेव्हा टाइप करून घेतला: 'आत्या: केटरिंग व्यवसाय'.

तो बायोडाटा फोनवरून साळवे यांच्या घरी गेला. साळवे निवृत्त अधिकारी, गंगापूर रोडला बंगला, पत्नी कॉलेजात प्राध्यापिका. मुलगा अनिकेत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, मध्ये आठ महिने तैवानला राहून आलेला. आमच्याच समाजाचे, पण एक पिढी पुढे गेलेले. ताई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. ती आणि अनिकेत आधी दोनदा कॅफेत भेटले होते. दुसऱ्या भेटीनंतर मी तिला विचारलं, कसा आहे? ती केस पुसत होती. म्हणाली, "बोलतो कमी. पण ऐकताना मध्ये फोन बघत नाही." याआधी सहा स्थळं आली होती आणि ताईने कुणाविषयी एवढंही सांगितलं नव्हतं. तिला तो हवा होता. घरात सगळ्यांना हे कळलं होतं आणि म्हणूनच सगळे घाबरलेले होते.

साळवे साहेबांचा फोन आला की कांदेपोहे, बघणं वगैरे जुने प्रकार नकोत, सगळे मिळून बाहेर जेवू, अनिकेतला आवडणारं हॉटेल आहे, थंडीत बरं वाटतं, आणि वडीलधारी मंडळी सगळी या. त्यामुळे आत्याला घरी ठेवता येईना. रविवारी तिने गाडा दुपारी एकलाच आवरला. तोवर मी तरी असं झालेलं पाहिलं नव्हतं. ती आंघोळ करून आली तेव्हा बाबा बैठकीत येरझाऱ्या घालत होते.

"अक्का, तिथं गाड्याचं काही काढू नको."

"मी कशाला काढू? जेवाया चाललेय का जाहिरात कराया?"

"विचारलंच तर केटरिंग म्हण."

"काय म्हनू?"

"केटरिंग."

आत्याने शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला. "लय अवघड हाय. त्यापरीस मी गप बसते. तोंड भरलेलं असलं की मानसाला कोन काय विचारत नाय."

"आणि हात जरा शालीत ठेवा वन्सं," आई म्हणाली. चुन्याने आत्याची नखं कायमची पांढुरकी झाली होती आणि बोटांची टोकं फुटलेली असायची. आत्याने हातांकडे पाहिलं आणि शाल ओढून घेतली. ताई पलीकडे इस्त्री करत होती. 

हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं. आज तिथे चष्म्याचं दुकान आहे. काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या, आत ऊब, आले-लसणाचा वास, आणि प्रत्येक टेबलात मधोमध खोलगट जागा करून बसवलेलं स्टीलचं पातेलं. पातेल्यात नागमोडी पत्र्याची भिंत होती. एका बाजूला मशरूमचं पांढरं पाणी, दुसऱ्या बाजूला लाल मिरच्या तरंगणारा तिखटजाळ रस्सा. दोन्ही बाजू उकळत होत्या. वेटरने कच्च्या भाज्या, नूडल्स, चिकनचे पातळ काप, पनीर, अंडी असं आणून मांडलं आणि निघून गेला. आत्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"कच्चंच ठिवून गेला की."

"आपण शिजवायचं आत्या," अनिकेत म्हणाला. "इथं तशीच पद्धत आहे. उचलायचं, उकळत्या रश्शात बुडवायचं, शिजलं की खायचं."

"आनि बिल?"

"ते त्यांना द्यायचं."

"बरं हाय," आत्या म्हणाली. "लय हुशार मानूस दिसतो मालक."

अनिकेत हसला. साळवे मॅडमही हसल्या. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं चांगली गेली, हे नोंदवलं पाहिजे. बाबांना चॉपस्टिकच्या काड्यांनी नूडल धरता येईना आणि साळवे साहेबांच्या चष्म्यावर सारखी वाफ जमत होती, त्यामुळे दोघांची बऱ्यापैकी बरोबरी झाली. आईची अडचण वेगळी होती. सगळ्यांच्या तोंडात जाऊन आलेल्या काड्या त्याच पातेल्यात पडत होत्या आणि तिने एक घाससुद्धा उचलला नव्हता. ती मला हळूच म्हणाली, सगळं उष्टं झालंय गं. आत्याने ते ऐकलं.

"उकळत्यात कसलं उष्टं, खा की," ती म्हणाली, आणि चमच्याने लाल बाजूतलं अंडं काढून आईच्या वाटीत टाकलं. त्यासाठी तिचा हात शालीबाहेर आला. साळवे मॅडमची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच थोडी थांबली. "केटरिंगमध्ये हातांचे हाल होत असतील," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आत्याने तोंडात कोबीचं पान घातलं आणि मान हलवली.

मग साळवे साहेब बोलायला लागले. त्यांना बोलायची सवय होती आणि ते चांगलं बोलत. ते बाबांना म्हणाले, गांगुर्डे, आपण कुठून आलो हे आपल्याला माहीत आहे. मी वस्तीत वाढलो. शाळेत जाताना वाटेत मुंडी-वजडीचे गाडे लागायचे, तिथल्या वासाने माझं दप्तर भरायचं, आणि वर्गात पोरं नाक दाबायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलाच्या वाट्याला तो वास येणार नाही. आमच्या घरात आता फक्त चिकन. तेही बोनलेस. आपल्या लोकांनी हे खाणं आणि हे विकणं दोन्ही सोडलं पाहिजे. त्याशिवाय जग आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहणार नाही.

बाबा हो हो म्हणाले. मीसुद्धा मान डोलावली. साळवे साहेब ढोंगी नव्हते. त्यांचं दप्तर खरं होतं आणि दाबलेली नाकंही खरी होती. फरक एवढाच की त्यांना ज्या गाड्याची शिसारी होती, त्याच्यावर आम्ही दोघी वाढलो होतो, आणि त्या क्षणी आमच्यातल्या कुणी तसं सांगितलं नाही.

तेवढ्यात वेटर आणखी एक प्लेट घेऊन आला. अनिकेतने ती वेगळी मागवली होती. "हे बघा, माझं आवडतं," तो म्हणाला. "ट्राइप. तैवानला मी दर आठवड्याला खायचो."

प्लेटमध्ये बर्फाच्या चुऱ्यावर करड्या पट्ट्या रचल्या होत्या, वर कोथिंबीर. आईने माझा गुडघा दाबला. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. वजडी ओळखायला आमच्या घरात कुणाला जवळ जावं लागत नाही.

"काय असतं हे?" साळवे मॅडमनी विचारलं.

"बकऱ्याचं पोट. आधी वाफवून घेतात, मग रश्शात मिनिटभर."

साळवे साहेबांनी चष्मा पुसला, प्लेटकडे पाहिलं. त्यांनी ओळखलं असणार. पण ते म्हणाले, "बाहेरच्या देशांत हे डेलिकसी म्हणून खातात. एकदा चव घ्यायला हरकत नाही." आणि त्यांनी काडीने एक पट्टी उचलली.

"थांबा," आत्या म्हणाली. "रश्शात टाकू नका ती."

सगळे थांबले. आत्याने हात लांब करून प्लेट ओढली, एक पट्टी दोन बोटांत धरली, अंगठ्याने उलटी केली, नाकाजवळ नेली. हे सगळं तिने गाड्यावर करायची त्याच सवयीने केलं. मग पट्टी परत ठेवली.

"चामडी काढलेली नाय हिची. वरून कोथमीर टाकलीय, पर आत घान तशीच हाय. रश्शात पडली तर अख्खं पातेलं नासंल, आनि पोरांची पोटं बिघडतील." तिने वेटरला हाक मारली. "ए बाबा, हे ने परत. आनि ज्यानं धुतलंय त्याला बोलव."

वेटरने आधी मालकाला आणलं, नाशिकचाच तिशीतला माणूस. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडे सगळं हायजिनिक असतं, आजवर कुणी तक्रार केलेली नाही. आत्या म्हणाली, "खानाऱ्याला म्हाईत नसंल तर तो काय तक्रार करील?" पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. साळवे साहेबांची काडी हातातच होती. त्यांनी ती ठेवली आणि सरळ बाबांकडे पाहून विचारलं, "यांना कसं कळतं हे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडेच का पाहावं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी पातेल्याकडे बघत राहिले. सहा-सात सेकंद गेले असतील. त्या वेळात बाबा 'केटरिंग' म्हणू शकले असते आणि ते खपलंही असतं. केटरिंगवाल्या बाईला वजडी कळू शकते. आत्यासुद्धा वाट बघत होती, तिने गप्प राहायचं कबूल केलं होतं.

"आत्याचा वजडी-भाकरीचा गाडा आहे," ताई म्हणाली. "नाशिक रोडला. माझ्या जन्माच्या आधीपासून. बायोडाटात केटरिंग लिहिलंय, ते खरं नाही. तो मी वाचून पुढे पाठवला होता, म्हणून चूक माझी आहे."

तिचा आवाज लॅबमधला होता. रिपोर्टमध्ये काय आलंय ते ती पेशंटला याच आवाजात सांगायची. कुणी काही बोलायच्या आत आतल्या दाराशी एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली, डोक्याला रुमाल, एप्रन ओला. ती दार्जिलिंगकडची, तिथली कुक. नाव पेमा.

"किसने बोला साफ नहीं है?" तिने विचारलं.

"मैं बोली," आत्या म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "उबलते पानी में डाली ना तूने?"

पेमाने ओले हात एप्रनला पुसले. मग म्हणाली, "हाँ."

"वैच. चामडी पकड लेती. कच्ची हाय का आत? फ्रीज में?"

"है."

"चल, दाखव."

मालक मध्ये आला की किचनमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही. आत्या त्याच्या बाजूने निघून गेली. मी तिच्या मागे गेले. टेबलावर बसून राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

किचन अरुंद होतं आणि बाहेरच्यापेक्षा थंड, मागचं दार उघडं होतं. आत्याने शाल काढून माझ्या हातात दिली आणि चुना मागितला. पेमा म्हणाली, "मेरी माँ भी चूना लगाती थी. सेठ बोला चूना किचन में नहीं रखने का, चेकिंगवाला देखेगा तो लिखेगा." दारात उभ्या मालकाने याचा इन्कार केला नाही. आत्याने मला खाली पानटपरीवर पिटाळलं. टपरीवाल्याने विचारलं, किती? मी म्हणाले, वजडी धुवायला. त्याने डबीतला अर्धा चुना कागदावर काढून दिला. तो शब्द एका अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता, आणि त्याने तो ऐकून फक्त चुना दिला.

वर आले तेव्हा पाणी चढलेलं होतं. आत्या त्यात बोट घालून काढत होती, पेमाही. दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या, म्हणजे अजून नाही. मग आत्याने शेगडी बंद केली, चुना कालवला, वजडी सोडली, आणि थोड्या वेळाने पेमाच्या हातात सुरी उलटी करून दिली. खरड-खरड सुरू झाली. काळी चामडी गुंडाळत सुटून आली आणि खाली पांढरं निघालं. पेमा तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. आत्या म्हणाली, "हां, असंच." मालक दारातच होता. त्याने एकदा फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. आत्याने त्याला सांगितलं, फोन ठेव आणि कणीक आन. त्याने आणली. त्यानंतर कुकरच्या सहा शिट्ट्या.

टेबलावर या वेळात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मी ते ताईकडून आणि आईकडून वेगवेगळं ऐकलं आहे. दोघींच्या सांगण्यात काही फरक आहेत. साळवे मॅडम मध्ये उठून गेल्या की नाही याबद्दल एकमत नाही. पुढचं मात्र दोघींनी सारखंच सांगितलं. साळवे साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, सुजाता, तू खरं बोललीस, मला आवडलं. मुलगी म्हणून तू आम्हाला पसंत आहेस. फक्त लग्नाच्या आधी तो गाडा बंद झाला पाहिजे. आत्यांना काही कमी पडणार नाही, ते मी बघेन. लोक विचारतील तेव्हा व्याह्यांच्या घरी काय करतात हे आम्हाला सांगता आलं पाहिजे.

ताईने अनिकेतकडे पाहिलं. अनिकेत वडिलांना म्हणाला, "आपण हे नंतर बोलू या का?" आईच्या मते तो त्याहून जास्त काही बोलला नाही. ताईच्या मतेही नाही.

मग ताई म्हणाली, "काका, आपल्या लोकांनी सोडलं ते मेलेल्या जनावराचं. तिचा बकरा ताजा असतो, विकत घेतलेला असतो आणि तुमच्या या हॉटेलापेक्षा स्वच्छ धुतलेला असतो. बाबा त्याच्यावर शिकले. मी त्याच्यावर शिकले. मी तो बंद करायला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."

"माझ्याशी असं बोलतेस, उद्या घरात कसं व्हायचं?"

"असंच," ताई म्हणाली.

बाबा या सगळ्यात काय म्हणाले ते दोघींनाही आठवत नाही. मी बाबांना विचारलं. त्यांनाही आठवत नाही.

आम्ही किचनमधून बाहेर आलो तेव्हा प्लेट आत्याच्या हातात होती, बर्फ नाही, कोथिंबीर नाही, वाफा निघत होत्या. तिने ती मधोमध ठेवली, लाल बाजूत मूठभर सोडली, आणि टेबलावरचे चेहरे पाहिले. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिला सांगावंही लागत नसे.

"काय झालं? गाड्याचं निघालं का?"

साळवे साहेब म्हणाले, "आत्या, तुमचं वय झालं. आता लग्नानंतर आराम करा."

"कुनाच्या लग्नानंतर? माझ्या?"

अनिकेतला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. आत्या खाली बसली. "साहेब, तुमी मघाशी बोल्लात ना, वास येतो म्हनून. धुतली नाय तर येतोच. तुमच्या वस्तीतल्या गाडेवाल्यानं धुतली नसंल. त्यात माझा काय गुन्हा?" तिने पातेल्यातून पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकाच्या वाटीत दोन-दोन टाकल्या, साळवे साहेबांच्याही. "वास घिऊन बघा. मंग ठरवा."

साळवे साहेबांनी वाटी उचलली नाही. साळवे मॅडमनी उचलली, थोडी खाल्ली, मग दुसरीही पट्टी खाल्ली. अनिकेतने दोन्ही खाल्ल्या आणि म्हणाला, तैवानपेक्षा चांगली आहे. मी खाल्ली. बाबांनी खाल्ली, आणि पाहुण्यांसमोर मिटक्या मारत खाल्ली, जे ते कधी करत नसत. पेमा दारातून बघत होती.

आम्ही दहाच्या सुमारास घरी आलो.  घरी आल्यावर ताईने स्वेटरही न काढता बाबांच्या फोनवर बायोडाटा उघडला आणि ती ओळ बदलली. आत्याला विचारलं, किती वर्षं झाली? आत्याने बोटांवर मोजलं आणि छत्तीस सांगितलं. नवी ओळ अशी होती: 'आत्या: कौसल्याबाई गांगुर्डे, वजडी-भाकरीचा गाडा, नाशिक रोड, छत्तीस वर्षे.' पुढे मी वर्तमानपत्रात दुरुस्त्या छापण्याचं काम केलं आहे, चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर. तेव्हा मी फक्त तिच्या खांद्यावरून वाचत होते. ताई म्हणाली, "तो शब्द तुझा होता ना?" मी हो म्हणाले. तिने पाठवायचं बटण मला दाबायला लावलं. पहिला गेला साळवे साहेबांना.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. इतर समाजांत अशा वेळी पत्रिका जुळत नाही असं सांगून मोकळं होता येतं. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे नकार देणाऱ्याची पंचाईत होते. साळवे साहेबांनी सांगितलं, मुलाचा सध्या लग्नाचा विचार नाही. बाबा म्हणाले, ठीक आहे साहेब. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पडवीत गेले आणि वजडी खरडणाऱ्या आत्यासमोर बसले. त्यांनी दुसरी सुरी मागितली. त्यांना खरडायला येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. अनिकेतने ताईला एकदा फोन केला. ती बोलायला गच्चीवर गेली, वीस मिनिटांनी खाली आली, तोंड धुतलं आणि ड्यूटीला गेली. ते काय बोलले हे मी विचारलं नाही. तो पुढच्या वर्षी परदेशी गेला. त्यानंतरची माहिती माझ्याकडे नाही.

त्या उन्हाळ्यापर्यंत नवा बायोडाटा आणखी नऊ घरांत गेला. मध्यस्थ बाईंनी दोनदा सुचवलं की ती ओळ काढा, निदान 'स्वयंरोजगार' लिहा. ताईने दोन्ही वेळा नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी आईनेही म्हटलं. सहा घरांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी आपल्या मुलाचा पाठवलेला फोटो डिलीट करायला सांगितला. एकाने कळवलं की मुलगी ठीक आहे, पण.

दहावं घर हरसूलकडचं होतं, मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याच्या आईचा फोन आला. ताईनेच उचलला. त्या बाईंनी नाव सांगितलं, बायोडाटा मिळाल्याचं सांगितलं आणि विचारलं, गाडा रविवारी किती वाजेपर्यंत असतो. ताईने सांगितलं, अडीचपर्यंत. पण एकच्या आत या, नंतर संपते.